दर हंगामाआधी इंजिन नवं करूनही पिस्टन पुन्हा पकडतो? आधी हे तपासा

हंगाम संपला की टू-स्ट्रोक रेसिंग मोटरसायकलचं इंजिन उतरवायचं, नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवी पॅकिंग टाकायची, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या-दुसऱ्या सरावातच सरळ पट्ट्याच्या टोकाला मागचं चाक लॉक. उघडून पाहावं तर एक्झॉस्टच्या बाजूला त्याच उभ्या रेघा. मग मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा, तेल जरा जास्त, आणि परत नवा पिस्टन. हे रहाटगाडगं ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. समोर धरलंय ते १२५ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, रीड व्हॉल्व्हचं (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पात्यांचं), पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारं सिंगल सिलिंडर इंजिन: बोअर ५४ मिमी, स्ट्रोक ५४.५ मिमी. मोठ्या इंजिनाला आकडे बदलतील, तपासाचा क्रम तोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन सीझ झाल्यावर, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये पकडल्यावर, सुटे भाग मागवायच्या आधी तपास पूर्ण करा, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इंजिन उघडण्याआधीच करायचा असतो.

पाना लावण्याआधी

खरा घोळ गाडी स्टँडवर चढवल्यावर लगेचच होतो. हात शिवशिवत असतात. हेडचे नट सुटतात, सिलिंडर वर येतो, बेसचं पॅकिंग फाटतं, शाफ्टभोवतीचं रबरी सील उचकटताना चिरतं. यातलं आधीपासून काय गळत होतं आणि काय आत्ता आपण फाडलं, हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता शाफ्ट) फिरत असेल तर आधी प्रेशर टेस्ट. किरकोळ सीझ झालेल्या इंजिनावरही ती होते.

कार्ब्युरेटर काढा, पण इनटेकचं रबर मॅनिफोल्ड जागेवरच राहू द्या, कारण तेही संशयितांपैकी एक आहे. त्याच्या तोंडात घट्ट बूच बसवून क्लिप आवळा. एक्झॉस्ट पोर्टमध्ये फुगणारं रबरी बूच घाला. पॉवर व्हॉल्व्हच्या (एक्झॉस्ट पोर्टची उंची बदलणाऱ्या झडपेच्या) दांड्यापाशी थोडी हवा निसटत असेल तर तिची काळजी नको, ती बाजू मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) करत नाही. पिस्टन खाली आणा म्हणजे ट्रान्स्फर पोर्ट (केसमधून सिलिंडरमध्ये मिश्रण नेणाऱ्या वाटा) उघडे राहतील आणि केस (क्रँकचं कवच) व सिलिंडर एकच पोकळी होईल. प्लगच्या भोकात गेज लावलेला अडॅप्टर बसवा आणि साधारण ०.४ बार, म्हणजे ६ पीएसआयच्या आसपास हवा भरा. यासाठी कॉम्प्रेसर अजिबात नको, सील उलटून बाहेर येतं. बीपी मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा या कामाला उत्तम.

दाब मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. रेसच्या इंजिनाला मी तेवढीही सूट देत नाही. काटा हलताना दिसला की साबणाचं पाणी घ्या: बेस पॅकिंग, केसचा जोड, रीड ब्लॉकची कड, मॅनिफोल्डचं रबर. मग मॅग्नेटचा रोटर काढून त्याच्या मागच्या क्रँक सीलवर ब्रशने फेस लावा आणि क्रँक दोन्ही बाजूंना थोडा थोडा हलवा. इथे घाई नको. नुसतं बघितलं तर सील कोरडं आणि धडधाकट दिसतं. क्रँक एका विशिष्ट जागी आला की मात्र ओठाच्या कडेला मोहरीएवढा एकच बुडबुडा फुगतो, पुढे सरकवलं की बसतो, परत त्याच जागी आणलं की परत फुगतो. हे दिसलं तर सीलपेक्षा शाफ्टवर संशय घ्या: एकतर ओठाने शाफ्टला खाच पाडली आहे, किंवा क्रँक डोलतोय.

गिअरबॉक्सकडचं सील बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीच्या तोंडावर साबणाचा पडदा धरा. पडदा फुगू लागला तर हवा त्या सीलमधून जातेय. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काठोकाठ भरलेलं असेल तर त्यातही लक्ष ठेवा. बुडबुडे आले तर हेडची ओ-रिंग गेली. नाही आले म्हणून ती निर्दोष ठरत नाही, चालत्या इंजिनात तिथला दाब याच्या कितीतरी पट असतो.

यानंतर उलट चाचणी, हातपंपाने तेवढाच व्हॅक्यूम. ही बरेच जण सोडून देतात. आतून दाब दिला की सीलचा ओठ शाफ्टला घट्ट चिकटतो, व्हॅक्यूममध्ये तोच उचलला जातो. पिस्टन वर जाताना केसमध्ये व्हॅक्यूमच असतो आणि बाहेरची हवा शिरते ती तेव्हाच. प्रेशरमध्ये पास आणि व्हॅक्यूममध्ये नापास झालेलं सील पुढच्या पिस्टनचा घास घेणार, हे धरून चाला.

पिस्टन काय सांगतो

आता उघडा. पिस्टन घासूनपुसून स्वच्छ करू नका. आहे तसा दिव्याखाली तिरका धरा आणि ओरखडे कुठून सुरू होतात ते बघा.

स्कर्टवर (पिस्टनच्या रिंगांखालच्या भागावर) चार जागी, जवळपास सारख्या अंतरावर उभ्या चमकदार रेघा असतील तर तो थंड सीझर. इंजिन पुरेसं तापायच्या आत जोर दिला, पिस्टन आधी फुगला, सिलिंडर मागे राहिला. क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी ठेवली असेल तरी हेच दिसतं. पाण्यात एअर लॉक राहून सिलिंडर एका बाजूने जास्त तापला तरी रेघा उमटतात, पण मग त्या सारख्या अंतरावर नसतात.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला रिंगेपासून खाली ओरखडे, रिंग खोबणीत चिकटलेली आणि माथ्याची कड मऊ होऊन ओघळल्यासारखी, हा लीन मिश्रणाचा नमुना. हवेची गळती, छोटं जेट, अडलेलं पेट्रोल, तिन्हींचा चेहरा इथे सारखाच दिसतो. म्हणून तर नुसता पिस्टन बघून जेट बदलणं फसवं आहे.

माथ्याच्या कडेला, स्क्विश पट्ट्याखाली (पिस्टनची कड आणि हेडमधल्या अरुंद फटीत), वाळू मारल्यासारखी खरखरीत खडी दिसली तर ते नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा बेताल स्फोट. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसत असतील तर ते पिस्टनचंच ॲल्युमिनियम. मग टायमिंग, पेट्रोलचा ऑक्टेन, स्क्विश आणि कॉम्प्रेशन तपासा. गिअरबॉक्सकडचं सील गळत असेल तर गिअर ऑइल मिश्रणात येऊन ऑक्टेन पाडतं आणि नॉकिंगला निमंत्रण देतं. त्याची वेगळी खूण म्हणजे दाट धूर, ओला प्लग आणि गिअरबॉक्समधली घटलेली पातळी.

ओरखडे एक्झॉस्ट पोर्टच्या मधल्या पुलासमोर (पोर्टचे दोन भाग करणाऱ्या उभ्या पट्टीसमोर) एकाच सरळ पट्ट्यात असतील तर पूल तापून आत येतोय. त्याला मिमीच्या शंभराव्या काही भागांएवढी सूट घासून द्यावी लागते आणि पिस्टनमध्ये पुलासमोर दीड ते दोन मिमीची दोन भोकं पाडावी लागतात, म्हणजे आतलं तेल पुलापर्यंत पोचतं. भोकांच्या कडा मोडायला विसरू नका. इनटेकच्या बाजूला ओरखडे असतील तर तेल कमी पडलंय किंवा कचरा आलाय: एअर फिल्टर बघा, आणि त्याहून आधी क्रँकचं बेअरिंग.

उभ्या गाडीत काय बिघडतं

दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच सीझर होत असेल तर त्याचं एक साधं कारण उभं राहणं आहे. क्रँक केस वाटते तेवढी कोरडी नसते. तेल हळूहळू खाली उतरतं, ओलावा आत असतो, आणि मेन बेअरिंगच्या खालच्या गोळ्यांवर, बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) सुयांवर गंजाचा ठिपका पडतो. बेअरिंग हाताने फिरवून बोटाला किंचित खरखर लागली तरी ते गेलं म्हणायचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाणी ओढतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी व इथेनॉल तळाला वेगळं बसतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट चिकट थर किंवा हिरवट डाग दिसले तर समजा पायलट जेटचं (कमी थ्रॉटलला काम करणाऱ्या जेटचं) भोक आधीच अरुंद झालंय. सुईने टोकरू नका, जेट बदला. त्याची किंमत पिस्टनसमोर काहीच नाही.

सीलचंही तसंच. महिनोन्महिने एकाच जागी राहिल्यावर ओठ शाफ्टला चिकटतो आणि पहिल्या किकला किंवा धक्का देऊन गाडी चालू करताना त्याची कड सोलते. त्यामुळे हंगामाअखेरी पास झालेली प्रेशर टेस्ट हंगामाच्या तोंडावर पुन्हा करावी लागते.

आता नवं सील टाकूनही पुन्हा गळती येण्याचा प्रश्न. नव्या सीलला दोष देणं सोपं आहे, पण बहुतेकदा मेन बेअरिंग ढिलं असतं, क्रँक त्यात उडत राहतो आणि नव्या ओठाला काही दिवसांतच खाऊन टाकतो. बेअरिंग आणि सील ही जोडी आहे, एकट्या सीलचा खर्च फुकट जातो. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही टोकांना डायल गेज लावा. रनआउट (फिरताना होणारं डोलणं) ०.०३ मिमीच्या आत असेल तर ठीक, ०.०५ झाला तर क्रँक सरळ करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाफ्टवर सीलची खाच नखाला लागत असेल तर नवं सील, जागा असेल तर, अर्धा-एक मिमी आत किंवा बाहेर बसवा म्हणजे ओठ ताज्या पृष्ठभागावर येईल. तेलवाहिनीचं भोक झाकलं जात नाही ना, तेवढं बघून. बसवताना ओठाला ग्रीस, कीवेच्या (रोटरच्या चावीच्या खाचेच्या) धारदार कडेवर पातळ टेप, आणि स्प्रिंगची बाजू केसच्या आतल्या दिशेला.

केसच्या जोडावर आणि इनटेकला साधं सिलिकॉन लावणारे लोक भेटतात. पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि सुटून आतही जातं. पेट्रोल सोसणारं, न कडक होणारं सीलंट वापरा, पातळ लावा. मॅनिफोल्डचं रबर दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरा. नुसतं बघून न दिसणाऱ्या भेगा ताणल्यावर उघडतात.

पेट्रोल पोचतंय का

गळती सापडली नाही तर जेटकडे जाण्याआधी टाकी. पूर्ण थ्रॉटलवर ४० अश्वशक्तीच्या आसपासचं १२५ सीसी इंजिन मिनिटाला साधारण पाव लिटर पेट्रोल पितं. कार्ब्युरेटरची नळी काढून मापाच्या भांड्यात सोडा, टाकीचं झाकण बंद ठेवा, टाकीत थोडंच पेट्रोल असू द्या. एक मिनिटात अर्धा लिटर तरी यायला हवं. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणाच्या व्हेंटचा एकमार्गी व्हॉल्व्ह अडकलाय. हा दोष नेमका लांब सरळ पट्ट्यावर पिस्टन खातो, कारण तिथेच टाकीत व्हॅक्यूम साचायला वेळ मिळतो. छोट्या ट्रॅकवर तीच गाडी हंगामभर बिनतक्रार चालते, आणि मग सगळे ‘त्या ट्रॅकचं जेटिंग’ (योग्य जेटांची निवड) शोधत बसतात. फ्लोटची (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची आणि फ्लोट नीडलच्या सीटचं भोकही याच बैठकीत बघून घ्या.

इंजिन पकडतं ते थ्रॉटल सोडल्यावर की भरलेल्या थ्रॉटलवर, हे चालवणाऱ्याकडून नीट काढून घ्या. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला मेन जेट बोलतं, पाव ते पाऊणला नीडल (स्लाइडला अडकवलेली सुई), त्याखाली स्लाइडचा कट आणि पायलट. सरळ पट्ट्याच्या टोकाला थ्रॉटल मिटलं, रेव्ह अजून वर आहेत, पेट्रोल जवळपास बंद, आणि तेल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे तेलही बंद. त्या क्षणाच्या सीझरला मेन जेट वाढवून काही होत नाही. पायलट आणि हवेची गळती बघायची. थ्रॉटल सोडल्यावर रेव्ह रेंगाळत खाली येत असतील तर गळतीचा संशय आणखी पक्का.

इथेच तेलाचा गैरसमज. भीतीपोटी ३०:१ चं मिश्रण २०:१ केलं की जेटमधून तेवढंच द्रव जातं पण त्यात पेट्रोल कमी असतं, म्हणजे इंजिन किंचित आणखी लीन होतं. तेलाचं प्रमाण एकदा ठरवा आणि त्याला हात लावू नका, जेटिंग त्यावर बेतलेलं असतं.

आणि हवामान. मागच्या हंगामाची जेटिंगची वही उन्हाळ्यातली असते, इंजिन बांधून पहिली चाचणी होते थंडीत. ३० अंशांवरून १० अंशांवर आलेली हवा सुमारे ७ टक्के दाट असते. कार्ब्युरेटर त्यातला साधारण अर्धाच फरक आपोआप सांभाळतो. राहिलेल्या फरकासाठी मेन जेट एक-दोन नंबर वर न्यावाच लागतो. वहीतला जेट जसाच्या तसा बसवून थंडीत फुल थ्रॉटल दिलेल्या कित्येक ‘ताज्या’ इंजिनांचा असा निकाल लागतो, आणि दोष पिस्टनच्या कंपनीला जातो.

सिलिंडर आणि जोडणी

निकासिलच्या (आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंग असलेल्या) सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम म्हणजे सिलिंडर गेला असं नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागावर, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. फेस थांबला की भरपूर पाणी. कोटिंग कुठे सोललं असेल तर आम्ल खालच्या ॲल्युमिनियमला खातं, तेव्हा आधी नीट बघा. त्यानंतर नख फिरवा. नख अडलं तर री-प्लेटिंग. री-प्लेटिंग होऊन आलेल्या सिलिंडरच्या पोर्टच्या कडा स्वतः तपासा. त्या धारदार तशाच राहिल्या असतील तर रिंग पहिल्या दिवसापासून खरडत राहते आणि काही तासांत पुन्हा तोच चेहरा दिसतो.

पिस्टन मायक्रोमीटरने, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवरच मोजा. बोअर तीन उंचींवर आणि आडवा-उभा. या मापाच्या इंजिनात क्लिअरन्स ०.०५ ते ०.०७ मिमीच्या घरात असते, फोर्ज्ड पिस्टनला जास्त. पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला आकडा शेवटचा. रिंगची गॅप सिलिंडरमध्ये घालून फिलर गेजने बघा, पाकिटावर विश्वास नको. स्क्विश मोजायला मऊ सोल्डरची तार गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेत दोन्ही बाजूंना ठेवून क्रँक फिरवा. ०.७ ते ०.८ मिमीच्या दरम्यान ठेवलं की शर्यतीचं १२५ इंजिन खूश असतं. दोन बाजूंच्या तारांत लक्षणीय फरक आला तर सिलिंडर तिरका बसलाय किंवा कनेक्टिंग रॉड वाकलाय. टायमिंग डायल गेजने टीडीसीपासून (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेपासून) मिमीत लावा, रोटरची चावी कापलेली नाही ना बघा. बाकी जोडणीत नवल नाही: टॉर्क रेंच, तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत.

पाणी भरताना गाडी पुढून उचलून, होज दाबत हवा काढा. पहिल्या दिवशी इंजिन ५० अंशांवर आल्याशिवाय जोर नाही. थंडीत रेडिएटरचा काही भाग टेपने झाका, आणि पूर्ण गार होऊ देत अशी दोन-तीन आवर्तनं करा. मग हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा तपासा. नव्या प्लगवर वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, क्लच दाबून किल स्विच, आणि प्लग काढून पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी असलेली कडी बघा, टोकाचा रंग नव्हे. पिस्टनच्या माथ्यावर ट्रान्स्फर पोर्टसमोर धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे दिसायला हवेत. सगळा माथा कोरडा काळा असेल तर अजून लीन आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर प्रेशर टेस्ट पुन्हा करा आणि आकडा वहीत जेटच्या शेजारी लिहा, तापमानासकट. हंगामात दर काही शर्यतींनंतर हाच आकडा घ्या. तो उतरायला लागला की पिस्टन अजून कितीही चांगला दिसत असला तरी पुढच्या शर्यतीआधी सील आणि बेअरिंग उघडा.